क्यूएमूमध्ये स्वतःचं उपकरण बसवताना: कळमन्याच्या काट्यावर तोललेलं परीक्षण

हार्डवेअर अजून कागदावर आहे, बोर्ड छापून यायला वेळ आहे, आणि ड्रायव्हर मात्र आजच लिहायला घ्यायचा आहे. अशा वेळी क्यूएमू हा मुक्त-स्रोत एम्युलेटर (अख्खा संगणक सॉफ्टवेअरमध्ये उभा करणारा प्रोग्राम) वापरावा का? उपकरण पीसीआयवर (संगणकात कार्डं जोडायच्या बसवर) बसणारं असेल आणि समोर लिनक्सचा ड्रायव्हर असेल, तर नक्की वापरावा. या कामाला याच्या तोडीचं दुसरं मोफत साधन नाही. छोट्या मायक्रोकंट्रोलरवरचं फर्मवेअर तपासायचं असेल, तर मात्र आधी दुसरीकडे बघावं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. उपकरणाचा मूळ कोड तीनशे ओळींत बसतो आणि सी भाषा येणाऱ्याला दोन दिवसांत जमतो. त्रास होतो तो पुढे. तुम्ही एखादी गोष्ट लिहायला विसरलात, तर क्यूएमू बहुतेक वेळा तक्रार करत नाही. उपकरण दिसतं, चालतं, आणि चूक भलत्याच ठिकाणी, गेस्टच्या (एम्युलेटरच्या आत चालणाऱ्या प्रणालीच्या) कर्नलमध्ये किंवा रीबूटनंतर उगवते. म्हणून या परीक्षणाचा बराच भाग अशा मुक्या चुकांवर खर्च केला आहे.

फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. परवाना जीपीएल आवृत्ती २. वर्षाला साधारण तीन आवृत्त्या निघतात: एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरच्या आसपास. प्रोसेसरच्या सूचना तो टीसीजी नावाच्या स्वतःच्या अनुवादकाने चालवतो, किंवा होस्ट (म्हणजे खरा संगणक) आणि गेस्ट एकाच जातीचे असतील तर लिनक्स कर्नलमधल्या केव्हीएमच्या मदतीने थेट चालवतो. तुमचं उपकरण दोन्हीकडे तेच राहतं, कोड बदलावा लागत नाही. (कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे नागरीत दिली आहेत, टाइप करताना ती मूळ रोमन स्पेलिंगनेच लिहायची.)

उदाहरण म्हणून वजनकाटा घेऊ. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा हंगाम भरात असताना चालू काटा कुणी उघडू देणार नाही. बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) लोडसेल, म्हणजे भार मोजणारा सेन्सर, आणि त्याचा संकेत आकड्यांत बदलणाऱ्या एचएक्स७११ चिपची पट्टी आणून टेबलावर काटा जोडता येतो, पण त्यावर ‘वजन स्थिर होत असतानाच केबल निघाली’ ही स्थिती शंभर वेळा तंतोतंत तशीच घडवता येत नाही. एम्युलेटरमध्ये येते. आपल्या काल्पनिक काटा-कार्डाला ४०९६ बाइटांची एक मेमरी-खिडकी आहे, तिच्यातल्या रजिस्टरांतून (ठरलेल्या कप्प्यांतून) ड्रायव्हर काट्याशी बोलतो. ऑफसेट ०० वर ओळख, ०४ वर ग्रॅममधलं वजन, ०८ वर धडा (वजा करायचं रिकाम्या पेटीचं वजन), ०सी वर आज्ञा, १० वर स्थिती, १४ वर इंटरप्टची (प्रोसेसरला ‘इकडे बघ’ सांगणाऱ्या इशाऱ्याची) स्थिती आणि १८ वर इंटरप्टची पोच. ‘वजन घे’ अशी आज्ञा आली की १०० मिलिसेकंदांनी आकडा तयार होतो आणि इंटरप्ट जातो. हा १०० चा आकडा हवेतला नाही: एचएक्स७११ सेकंदाला १० किंवा ८० नमुने देतो, आणि १० च्या वेगाला दोन नमुन्यांत तेवढंच अंतर पडतं.

कोऱ्या फाइलपासून सुरुवात करू नका. क्यूएमूच्या स्रोतात एचडब्ल्यू/मिस्क या फोल्डरमध्ये एज्यू नावाचं शिकवण्यासाठीच लिहिलेलं पीसीआय उपकरण आहे. चार-साडेचारशे ओळींत ते ओळख-रजिस्टर, दिलेल्या आकड्याचे सगळे बिट उलटवून परत करणारं ‘जिवंत आहेस का’ रजिस्टर, वेगळ्या थ्रेडमध्ये फॅक्टोरियल, साधा इंटरप्ट, एमएसआय (संदेशाने जाणारा इंटरप्ट) आणि डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट स्मृतीत वाचन-लेखन) एवढं सगळं दाखवतं. दस्तऐवजांच्या स्पेक्स विभागात त्याचा रजिस्टर-नकाशाही आहे. सोबत मिळणाऱ्या साहित्यातली सर्वांत मोलाची वस्तू हीच. ती नक्कल करून नाव बदलताना आयडीही बदला. एज्यूचा जोड १२३४ आणि ११ई८ आहे, क्यूएमूच्या स्टँडर्ड व्हीजीएचा १२३४ आणि ११११. तोच जोड ठेवलात तर गेस्टमधला दुसराच ड्रायव्हर तुमच्या काट्याला येऊन चिकटेल. १एएफ४ आणि १बी३६ या व्हेंडर-आयडींना हात लावू नका, ते व्हर्टआयओ आणि क्यूएमूच्या अधिकृत उपकरणांसाठी राखलेले आहेत.

आता बांधणी. उबंटू किंवा डेबियनवर बिल्ड-इसेन्शियल, निंजा-बिल्ड, पायथन३-व्हेन्व्ह, पीकेजी-कॉन्फिग, फ्लेक्स, बायसन, लिबग्लिब२.०-डेव्ह, लिबपिक्समन-१-डेव्ह आणि लिबस्लर्प-डेव्ह एवढी पॅकेजेस लागतात. शेवटचं नाव बहुतेकांच्या यादीत नसतं. आवृत्ती ७.२ पासून स्लर्पची लायब्ररी क्यूएमूच्या सोबत येत नाही. ती होस्टवर नसेल तरी बांधणी बिनबोभाट पूर्ण होते, आणि मग गेस्टला नेटवर्क देताना ‘यूझर’ प्रकारचं नेटवर्क या बायनरीत नाही असं कळतं. कॉन्फिगर चालवल्यावर जो लांबलचक सारांश छापला जातो, त्यात स्लर्पपुढे ‘येस’ आहे का ते तेव्हाच वाचा.

कॉन्फिगर करताना ‘--टार्गेट-लिस्ट=एक्स८६_६४-सॉफ्टएमएमयू --एनेबल-डीबग’ द्या. टार्गेटची यादी दिली नाही तर क्यूएमू सगळ्या आर्किटेक्चरचे एम्युलेटर बांधत बसतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना लॅपटॉपचे सगळे कोर निंजाला (बांधणी चालवणाऱ्या साधनाला) देणं म्हणजे प्रोसेसरने तापून स्वतःचा वेग पाडणं. ‘-जे४’ सारखी मर्यादा घालून बांधलेलं अनेकदा आधी पूर्ण होतं. मध्येच लाइट गेली तर निंजा उरलेल्या फाइलींपासून पुढे सुरू करतो. मात्र त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल शून्य बाइटांची राहू शकते, आणि मग लिंकर ‘फाइलचं स्वरूप ओळखता येत नाही’ म्हणून थांबतो. तेवढी एक फाइल उडवून पुन्हा निंजा चालवा, अख्खा बिल्ड फोल्डर पुसायची गरज नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये प्रॉक्सी आडवा येत असेल तर गिटऐवजी प्रकाशित आवृत्तीचा टारबॉल घ्या. गिटच्या प्रतीत कॉन्फिगरच्या वेळी काही उपप्रकल्प नेटवरून खेचले जातात आणि तिथेच बांधणी अडते. टारबॉलमध्ये ते आधीपासून असतात.

नवी फाइल बांधणीत घालायला दोन नोंदी पुरतात. एचडब्ल्यू/मिस्कच्या केकॉन्फिगमध्ये (काय बांधायचं ते ठरवणाऱ्या फाइलीत) ‘काटा’ नावाची नोंद (पीसीआयवर अवलंबून, एरवी चालू), आणि त्याच फोल्डरच्या मेसन फाइलमध्ये त्या नोंदीशी बांधलेली फाइल. नंतर ‘-डिव्हाइस हेल्प’ च्या यादीत काटा दिसला पाहिजे. ‘व्हॅलिड डिव्हाइस मॉडेल नेम नाही’ असा संदेश आला तर नव्वद टक्के वेळा कोड ठीक असतो. तुम्ही बिल्ड फोल्डरमधला क्यूएमू चालवण्याऐवजी सिस्टीममध्ये आधीपासून असलेला चालवलेला असतो. पूर्ण पाथ देऊन चालवा.

उपकरणाचा सांगाडा

क्यूएमूची वस्तु-व्यवस्था, म्हणजे क्यूओएम, सी भाषेत वर्ग आणि वारसा उभा करते. टाइपइन्फो नावाच्या रचनेत नाव, पालक (पीसीआय-डिव्हाइस), स्टेटचा आकार, क्लास-इनिट आणि इंटरफेसची यादी भरायची. त्या यादीत ‘कन्व्हेन्शनल पीसीआय डिव्हाइस’ किंवा ‘पीसीआय एक्सप्रेस डिव्हाइस’ यांपैकी एक नोंद हवीच. विसरलात तर वर्ग तयार होतानाच असर्ट (कोडमधली अट-तपासणी) फुटतो आणि क्यूएमू बंद पडतो. ही बोलकी चूक आहे, म्हणून चांगली. क्लास-इनिटमध्ये आयडी आणि रिअलाइझ (उपकरण प्रत्यक्ष उभं करणारं) फंक्शन लावायचं, रिअलाइझमध्ये मेमरी-खिडकी नोंदवायची. खिडकीचा आकार दोनचा घातच असावा लागतो. आपली ४०९६ ची चालते, ५००० बाइटांची मागितली तर ती नोंदवली जाणार नाही.

उपकरणाची सारी स्थिती त्या स्टेटच्या रचनेतच ठेवा. फाइलच्या माथ्यावर ‘स्टॅटिक’ चल ठेवायचा मोह होतो आणि एक काटा असेपर्यंत तो खपूनही जातो. ‘-डिव्हाइस काटा’ दोनदा दिलं की एका काट्याचा धडा दुसऱ्याच्या वजनातून वजा होतो.

वाचन-लेखनाची दोन फंक्शनं मेमरी-रीजन-ऑप्स या रचनेत जातात, आणि इथे सर्वांत जास्त चुका होतात. त्यात ‘व्हॅलिड’ आणि ‘इम्प्ल’ असे दोन वेगळे भाग आहेत. गेस्टने किती बाइटांची विचारणा केलेली चालेल हे व्हॅलिड सांगतो. तुमची फंक्शनं किती बाइटांची विचारणा हाताळतात हे इम्प्ल सांगतो. दोन्हींत तफावत असेल तर मधला थर विचारणा जोडतो किंवा तोडतो. काहीच लिहिलं नाही तर कमाल मर्यादा ४ बाइटांची धरली जाते. गेस्टने ००वरून एकदम ८ बाइट वाचले तर तुमचं फंक्शन दोनदा बोलावलं जातं, आधी ०० आणि मग ०४. काट्यात याने बिघडत नाही. पण ‘वाचलं की पुसलं जातं’ अशा जातीचं रजिस्टर शेजारी असेल तर ते न मागता पुसलं जातं. उलट बाजूने, गेस्टचा ड्रायव्हर एकाच बाइटचं लेखन करत असेल आणि तुमचं इम्प्ल ४ चं असेल, तर ते लेखन उरलेल्या तीन बाइटांत शून्यं भरून तुमच्यापर्यंत येतं.

३२ बिटांच्या रजिस्टरांसाठी व्हॅलिड आणि इम्प्ल दोन्हींत किमान ४, कमाल ४ लिहा आणि मोकळे व्हा. मग एका बाइटची विचारणा नाकारली जाईल आणि एक्स८६ गेस्टला मुकाट शून्य मिळेल. ते मुकाट राहू नये म्हणून क्यूएमू नेहमी ‘-डी गेस्ट_एरर्स’ लावूनच चालवा. नाकारलेल्या प्रत्येक विचारणेचा पत्ता, आकार आणि कारण त्यात छापलं जातं. एंडियननेस (बाइटांचा क्रम) ‘लिटल’ असं स्पष्ट लिहा. ‘नेटिव्ह’ लिहिलेलं एक्स८६ वर तसंच चालतं, पण बिग-एंडियन टार्गेटवर तेच कार्ड बाइट उलटे देऊ लागतं.

वेळ आणि इंटरप्ट

‘वजन घे’ आल्यावर १०० मिलिसेकंद थांबायचं, म्हणून लेखनाच्या फंक्शनमध्ये झोप घालणं ही नवख्यांची हमखास चूक. ते फंक्शन क्यूएमूचं मोठं कुलूप हातात धरून चालतं. तुम्ही झोपलात की ते कुलूप मागणारी बाकीची उपकरणं आणि मॉनिटर (क्यूएमूला आज्ञा द्यायचा कन्सोल) सगळं अडकतं. योग्य मार्ग टायमरचा: रिअलाइझमध्ये व्हर्च्युअल घड्याळावर टायमर तयार करा, आज्ञा आली की स्थितीचा ‘व्यस्त’ बिट लावून टायमर आत्ताची वेळ अधिक १०० वर सरकवा, आणि टायमर वाजला की वजनातून धडा वजा करून बिट उतरवा, इंटरप्ट लावा. घड्याळ व्हर्च्युअलच घ्या. गेस्टला मॉनिटरवरून थांबवलं की तेही थांबतं. रिअलटाइम घड्याळ तुम्ही डीबगरमध्ये डोकं खाजवत असतानाही पुढे पळतं.

साधा पीसीआय इंटरप्ट पातळीवर चालतो, हे लक्षात ठेवलं तर निम्मी डोकेदुखी टळते. पीसीआय-सेट-आयआरक्यू ला १ दिलात तर ओळ वरच राहते, तुम्ही ० देईपर्यंत. १८ वर पोच आली की १४ मधला बिट पुसा आणि ओळीची पातळी त्या उरलेल्या बिटांवरून नव्याने ठरवा. पोच येऊनही ओळ खाली आली नाही तर गेस्टच्या लिनक्समध्ये तोच इंटरप्ट अखंड येत राहतो. एक लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कुणी घेतलेच नाहीत असं दिसलं की कर्नल ‘नोबडी केअर्ड’ असा संदेश छापून ती ओळच बंद करतं. त्याच ओळीवर नेटवर्क कार्ड असेल तर तेही मेलेलं दिसतं, आणि माणूस नेटवर्कच्या मागे लागतो. इंटरप्टची पिन कॉन्फिग-जागेत नोंदवायचं राहिलं तर उलटा प्रकार: ड्रायव्हरला इंटरप्ट क्रमांकच मिळत नाही. एमएसआय देणार असाल तर रिअलाइझमध्ये एमएसआय-इनिट, आणि दर वेळी एमएसआय चालू आहे का ते विचारून मगच नोटिफाय किंवा पातळी. एज्यूमध्ये हा तुकडा स्वच्छ लिहिलेला आहे, तसाच घ्या.

बाहेरून वजन बदलायचं कसं

काट्यावर पेटी ठेवण्याचं नाटक करायचं तर चालू गेस्टमध्ये वजन बदलता आलं पाहिजे. बरेच जण ‘डिफाइन-प्रॉप’ च्या मॅक्रोने वजन हे गुणधर्म म्हणून घालतात. ते कमांड-ओळीवर चालतं, पण उपकरण रिअलाइझ झाल्यावर तो गुणधर्म बदलायला गेलात तर क्यूएमू साफ नकार देतो. कारण हे मॅक्रो उपकरणाच्या बनावटीसाठी आहेत: खिडकीचा आकार, कमाल वजन, असलं काही. धावत्या स्थितीसाठी इन्स्टन्स-इनिटमध्ये ऑब्जेक्ट-प्रॉपर्टी-अॅड ने स्वतःचा गेटर-सेटर जोडा. मग कमांड-ओळीवर ‘आयडी=के१’ दिलेल्या काट्याला मॉनिटरमधून ‘क्यूओएम-सेट /मशीन/पेरिफेरल/के१’ आणि पुढे गुणधर्माचं नाव व २०५०० असं लिहिलं की साडेवीस किलोची पेटी काट्यावर. आयडी दिला नाही तर उपकरण ‘पेरिफेरल-अॅनॉन’ खाली क्रमांकाने जातं आणि दोन काटे असले की कुठला कोणता ते शोधत बसावं लागतं.

ही सोय क्यूएमूच्या बाजूने मोठा गुण आहे. क्यूएमपी हा जेसनवर चालणारा मार्ग वापरून तीच आज्ञा पायथनमधून देता येते. ओव्हरलोड, ऋण वजन, थरथरणारा आकडा, धडा पेटीपेक्षा जड, अशा सगळ्या स्थिती रात्रभर फिरवता येतात.

डीएमए असेल तर

काट्याला त्याची गरज नाही, पण कॅमेऱ्याने संत्र्यांची प्रतवारी करणारं कार्ड असेल तर लागेलच. पीसीआय-डीएमए-रीड आणि राइट ही दोन फंक्शनं पुरतात. दोन्ही निकाल परत करतात, तो तपासा. ड्रायव्हरने पीसीआय-सेट-मास्टर बोलावलं नसेल तर डीएमए खऱ्या हार्डवेअरप्रमाणेच इथेही होत नाही, आणि निकाल न तपासणाऱ्याला फक्त शून्यांनी भरलेला बफर दिसतो. एज्यूचा डीएमए मुखवटा (पत्त्याची मर्यादा) मुळात २८ बिटांचा आहे, म्हणजे पहिल्या २५६ एमबीपुरताच. त्याची नक्कल करून गेस्टला २ जीबी दिलेत आणि ड्रायव्हरमध्ये मुखवटा लावला नाहीत, तर काही वेळा चालतं, काही वेळा नाही, अशी सर्वांत वाईट जातीची चूक पदरी पडते.

गेस्टकडून आलेला पत्ता आणि लांबी यांवर विश्वास ठेवू नका. ‘पत्ता अधिक लांबी मर्यादेच्या आत आहे का’ अशी तपासणी बेरीज उलटून गेल्यावर खोटं उत्तर देते. लांबी आधी मर्यादेशी ताडा, मग पत्ता ‘मर्यादा वजा लांबी’ शी. २०१५ मध्ये उघड झालेली व्हेनम नावाची गाजलेली चूक क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती. काही आज्ञांनंतर बफरचा निर्देशक शून्यावर येत नव्हता आणि गेस्ट बफरबाहेर लिहू शकत होता. फ्लॉपी कुणी वापरत नसतानाही तो कोड हजारो यंत्रांवर चालत होता.

रीसेट आणि जतन: इथे सगळे विसरतात

गेस्ट रीबूट झाला की क्यूएमूची प्रक्रिया तीच राहते, तुमची रचना तीच राहते. रीसेट लिहिलं नसेल तर ‘व्यस्त’ बिट लागलेलाच राहतो, टायमर कधीही वाजतो, आणि नव्याने उठलेला ड्रायव्हर पहिल्याच आज्ञेला अडकतो. पहिल्या बूटला कधीच न दिसणारी ही चूक आहे, म्हणून तपासणीत ‘सिस्टीम_रीसेट’ ही मॉनिटरची आज्ञा, तीही वजन घेणं चालू असतानाच, हवीच. रीसेटमध्ये टायमर काढा, रजिस्टरं मूळपदी आणा, इंटरप्टची ओळ खाली करा. नव्या तीन टप्प्यांच्या रीसेट पद्धतीत पहिल्या टप्प्यात फक्त स्वतःची स्थिती पुसायची आणि ओळ खाली करणं दुसऱ्या टप्प्यात करायचं, एवढा नियम पाळा.

चालू यंत्रात उपकरण काढता येणार असेल तर अनरिअलाइझमध्येही टायमर काढा. नाहीतर उपकरण गेल्यावर टायमर मोकळ्या केलेल्या स्मृतीत हात घालतो आणि क्यूएमू कोसळतो. एवढं करायचं नसेल तर हॉटप्लग बंद ठेवा, एका ओळीचं काम आहे.

व्हीएमस्टेटचं (काय काय जतन करायचं त्याचं) वर्णन नसेल तर ‘सेव्हव्हीएम’, म्हणजे चालू यंत्र जतन करणं, कुठलीही कुरकुर न करता होतं, पण काट्याची रजिस्टरं त्यात जातच नाहीत. परत आणल्यावर गेस्टला वाटतं वजन चालू आहे, काट्याला काहीच माहीत नसतं. पीसीआयचा भाग, प्रत्येक रजिस्टर आणि टायमर अशा दहाएक ओळींची यादी आहे. ती लिहायची नसेल तर निदान ‘अनमायग्रेटेबल’ असा शिक्का मारा. मग जतन करतानाच स्पष्ट नकार मिळतो. क्यूएमूने वर्णन नसलेल्या उपकरणाला आपोआप हाच शिक्का मारायला हवा होता. तसं नसणं हा या साधनाचा खरा दोष.

तपासणीची साधनं

इथे क्यूएमू फार सरस आहे. ‘इन्फो क्यूट्री’ मध्ये उपकरण आणि त्याचे गुणधर्म, ‘इन्फो पीसीआय’ मध्ये खिडकीचा पत्ता, ‘इन्फो एमट्री’ मध्ये पूर्ण स्मृतीचा नकाशा दिसतो. ट्रेस-इव्हेंट्स फाइलीत एक ओळ घातली की प्रत्येक वाचन-लेखन हवं तेव्हा छापता येतं, कोडभर प्रिंटएफ पेरावे लागत नाहीत.

त्याहून उपयोगी आहे क्यूटेस्ट, आणि त्याचा वापर फार कमी लोक करतात. ‘-अॅक्सेल क्यूटेस्ट -क्यूटेस्ट एसटीडीआयओ -डिस्प्ले नन -डिव्हाइस काटा,अॅडर=४’ असं चालवलं की प्रोसेसर चालतच नाही, गेस्ट लागतच नाही. तुम्ही कीबोर्डवरून थेट बस हलवता. हेक्स आकड्यांत, प्रत्येकाला शून्य-एक्स लावून: ‘आउटएल सीएफ८ ८०००२०१०’, ‘आउटएल सीएफसी ई०००००००’ म्हणजे चौथ्या खाचेतल्या कार्डाची खिडकी ई००००००० वर बसली. मग ‘आउटएल सीएफ८ ८०००२००४’ आणि ‘आउटडब्ल्यू सीएफसी ६’ म्हणजे मेमरी आणि बस-मास्टर दोन्ही चालू. आता ‘रीडएल ई०००००००’ ने ओळख वाचा, ‘राइटएल ई००००००सी १’ ने वजन घ्यायला सांगा. ‘क्लॉक_स्टेप १००००००००’ (हा आकडा दशमान) दिलं की घड्याळ नेमकं १०० मिलिसेकंद, म्हणजे दहा कोटी नॅनोसेकंद, पुढे सरकतं आणि टायमर वाजतो. एकदम एवढं पुढे न जाता ९,९०,००,००० वर थांबून ‘व्यस्त’ बिट अजून लागलेला आहे का तेही बघता येतं. कर्नल बूट होण्याची वाट न बघता दहा सेकंदांत एक फेरी होते.

क्यूएमूलाच जीडीबी या डीबगरखाली चालवाल तर आधी ‘हँडल सिगयूझर१ नोस्टॉप नोप्रिंट’ द्या. क्यूएमू आपल्या थ्रेडना जागं करायला तो सिग्नल वापरतो आणि डीबगर दर क्षणाला थांबतो.

न आवडलेलं

अंतर्गत एपीआय स्थिर नाही, आणि तसं आश्वासनही कुणी दिलेलं नाही. आवृत्ती ५.२ मध्ये बांधणी मेसनवर गेली. ८.१ मध्ये मेसन फाइलींतलं ‘सॉफ्टएमएमयू_एसएस’ हे नाव ‘सिस्टीम_एसएस’ झालं. ९.० मध्ये मोठ्या कुलपाच्या फंक्शनांची नावं ‘बीक्यूएल’ ने सुरू होऊ लागली. ९.२ मध्ये जुनं रीसेट लावायची पद्धत बदलली. १०.० मध्ये ‘सिसएमू’ हे हेडरचं फोल्डर ‘सिस्टीम’ झालं आणि गुणधर्मांच्या यादीच्या शेवटी लावायची खूण गेली. तीन वर्षं जुना पाठ समोर ठेवून बसणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या तासातच पंधरा कंपाइल-चुका दिसतात आणि त्यातली एकही त्याची नसते. उपाय एकच: एक आवृत्ती ठरवा, तिची खूण वहीत लिहून ठेवा, आणि त्याच आवृत्तीतला एज्यू हाच तुमचा पाठ माना.

उपकरण बाहेरून प्लगइनसारखं जोडता येत नाही, ते क्यूएमूच्या झाडातच बांधावं लागतं. टीसीजी प्लगइन नावाचा प्रकार आहे, पण तो सूचना न्याहाळण्यासाठी, उपकरणासाठी नव्हे. मेमरीच्या थराचा दस्तऐवज उत्तम आहे. मात्र रिअलाइझपासून जतनापर्यंत एका उपकरणाला हाताला धरून नेणारा सलग अधिकृत पाठ नाही, तो असायला हवा. रस्ट भाषेत उपकरणं लिहिण्याची सोय ९.२ पासून प्रायोगिक स्वरूपात आली आहे. पहिल्या उपकरणासाठी तिच्या वाटेला जाऊ नका.

आर्मच्या ‘व्हर्ट’ यंत्रावर पीसीआयशिवाय थेट बसवर काटा बसवायचा असेल तर मेहनत दुप्पट धरा. सिसबसचं उपकरण ‘-डिव्हाइस’ ने सहसा जोडता येत नाही. यंत्राच्या फाइलीत जाऊन स्मृतीच्या नकाशात मोकळी जागा द्यावी लागते, इंटरप्टची ओळ जोडावी लागते, आणि डिव्हाइस-ट्रीमध्ये (यंत्रात काय कुठे आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) नोड लिहावा लागतो. नोडमधला इंटरप्ट क्रमांक सामायिक इंटरप्टच्या मोजणीतला असतो, जी कंट्रोलरच्या ३२ व्या क्रमांकापासून सुरू होते. हा ३२ चा फरक चुकला की सगळं बरोबर दिसतं आणि इंटरप्ट मात्र येत नाही. म्हणून ड्रायव्हरचा गाभा आधी पीसीआयवर तपासून घ्या.

फर्मवेअर कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपवर चालणारं असेल, तर रेनोड हा दुसरा एम्युलेटर जास्त सोयीचा. तोही मुक्त-स्रोत, परवाना एमआयटी. त्यात उपकरण सी-शार्पच्या एका वर्गात लिहून चालू सत्रात ‘इन्क्लूड’ ने घेता येतं, बांधणीची कटकटच नाही. यंत्राचा नकाशा साध्या मजकूर-फाइलीत असतो आणि किरकोळ रजिस्टरं पायथनच्या चार ओळींत भागतात. पूर्ण लिनक्स डेस्कटॉप, केव्हीएमचा वेग किंवा पीसीआयचा बारकावा हवा असेल तर मात्र क्यूएमूच.

नागपूरच्या मिहानमधल्या किंवा परसोडीच्या आयटी पार्कमधल्या एखाद्या कंपनीने असं उपकरण बसवलेला क्यूएमू ग्राहकाच्या हाती दिला, तर जीपीएलनुसार त्या उपकरणाचा स्रोतही ग्राहकाला द्यावा लागतो. रजिस्टरांचा नकाशा गुप्त ठेवायचा असेल तर हे आधी ठरवा. बायनरी फक्त कार्यालयातल्या तपासणीपुरती वापरली तर ही जबाबदारी येत नाही. कोड मात्र गिटच्या वेगळ्या शाखेवर, शक्यतो दोनच कमिटमध्ये ठेवा: एकात नवी फाइल, दुसऱ्यात केकॉन्फिग आणि मेसनच्या ओळी. नव्या आवृत्तीवर शाखा सरकवताना झगडा नेहमी त्या दुसऱ्या कमिटमध्येच होतो आणि पाच मिनिटांत मिटतो.